फितीवरून तबकडीवर

कितीतरी घरांतील कपाटांच्या तळाशी, जुन्या वह्या आणि वापरातून गेलेली भांडी यांच्या सोबतीने, काळ्या रंगाच्या काही चपट्या पेट्या पडून असतात. एखादीच्या पाठीवर 'लग्न, १९८९' असे लिहिलेले असते, एखादीवर 'बारसे'. कित्येकींवर तर काहीच लिहिलेले नसते. पेटीचे झाकण उचलून पाहावे, तर आत काळसर तपकिरी रंगाची एक गुळगुळीत फीत गुंडाळलेली दिसते. चित्रपटाच्या फिल्मवर लहान लहान चित्रे नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. ही फीत मात्र उजेडासमोर कितीही धरली, तरी तिच्यावर चित्र म्हणून काही आढळत नाही. आणि तरीही तिच्यात मंडपातील गडबड आहे, सनईचे सूर आहेत, आणि आज हयात नसलेल्या कुणा आजोबांचे चालणे-बोलणे आहे.

ते बाहेर काढावयाचे, तर फीत वाचणारे यंत्र पाहिजे. आणि अडचण नेमकी तेथेच आहे. व्हीएचएस ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फिती चालविणारी यंत्रे जपानमधील फुनाई ही कंपनी सर्वांच्या शेवटी तयार करीत होती. तिनेही जुलै २०१६ मध्ये ते काम बंद केले. तेव्हापासून जी यंत्रे शिल्लक आहेत, त्यांवरच भिस्त आहे, आणि त्यांचे सुटे भाग मिळणे वर्षावर्षाला कठीण होत आहे. २०१९ साली युनेस्कोनेही जगभरच्या संग्रहालयांना सावध केले. चुंबकीय फितींवरील ध्वनी आणि चित्रे अंकांत उतरवून घेण्याचे काम २०२५ च्या पुढे फार अवघड होईल, असे जाणकारांचे मत त्या इशाऱ्यामागे होते. संग्रहालयांना जे लागू आहे, ते घरातील कपाटालाही लागू आहे. म्हणून ह्या फितींतील चित्रे संगणकात कशी आणावयाची, तेथे ती कशी जोडावयाची आणि तबकडीवर कशी उतरवावयाची, हे समजून घेण्याजोगे आहे.

फीत म्हणजे प्लॅस्टिकची एक लांबलचक पातळ पट्टी. तिच्या एका बाजूस लोहाच्या प्राणिदाचे अतिसूक्ष्म कण एका चिकट द्रव्यात कालवून सारवलेले असतात. विद्युतप्रवाहाने बलवान होणारे एक चिमुकले चुंबक, म्हणजेच यंत्राचे 'शीर्ष', ह्या कणांवरून गेले, की प्रवाह जसा कमीजास्त होईल, तसतसे कण चुंबकित होतात. आवाज अशा रीतीने साठविण्याची युक्ती जुनी आहे. डेन्मार्कमधील वाल्डेमार पौल्सेन ह्यांनी १८९८ साली पोलादी तारेवर आवाज उमटविला होता, आणि जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉइमर ह्यांनी १९२८ साली कागदाच्या पट्टीवर लोहाची पूड चिकटवून फीत बनविली होती. परंतु आवाज साठविणे निराळे आणि हलते चित्र साठविणे निराळे. माणसाला ऐकू येणाऱ्या आवाजात सेकंदाला फार तर वीस हजार कंपने असतात. दूरदर्शनच्या चित्रास सेकंदाला तीस ते पन्नास लाख कंपने लागतात. एवढी दाट नोंद करावयाची, तर शीर्षासमोरून फीत विलक्षण वेगाने धावली पाहिजे.

इंग्लंडच्या बीबीसी ह्या संस्थेने १९५० नंतरच्या दशकात 'व्हेरा' नावाचे एक यंत्र ह्याच मार्गाने तयार केले. त्यात फीत सेकंदाला सुमारे पाच मीटर धावे. सुमारे अर्धा मीटर व्यासाचे प्रचंड रीळ पंधरा मिनिटांत संपून जाई! पंगतीत वाढप्याने एका जागी उभे राहावे आणि जेवणाऱ्यांची सारी पंगतच त्याच्यापुढून पळवीत न्यावी, तसाच हा प्रकार होता. वाढप्यानेच चालावे, हे अमेरिकेतील अँपेक्स कंपनीच्या लहानशा मंडळीने ठरविले. चार्ल्स गिन्सबर्ग हे त्या मंडळीचे प्रमुख होते. पुढे ध्वनीच्या क्षेत्रात ज्यांचे नाव घरोघर गेले, ते रे डॉल्बी तेव्हा तरुण विद्यार्थी होते आणि तेही ह्या कामात होते. त्यांनी एका चक्रावर चार शीर्षे बसविली आणि ते चक्र मिनिटाला १४,४०० फेरे घेईल अशा वेगाने, पाच सेंटिमीटर रुंदीच्या फितीवर आडवे फिरविले. आता फितीने सेकंदाला अवघे अडतीस सेंटिमीटर पुढे सरकले तरी भागू लागले. १४ एप्रिल १९५६ रोजी शिकागो येथे हे यंत्र प्रथम दाखविण्यात आले. ते कपाटाएवढे मोठे होते आणि त्याची किंमत सुमारे पन्नास हजार डॉलर होती. घरात ते येण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढे शीर्षांचे चक्र किंचित तिरपे बसवून फीत त्याच्याभोवती वळसा घालून नेण्याची रीत रूढ झाली. व्हीएचएस यंत्रात असेच तिरपे ढोलके असते. आपल्या देशातील पद्धतीत ते सेकंदाला पंचवीस फेरे घेते. फीत मात्र सेकंदाला जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर सरकते. पंगत मुंगीच्या पावलाने आणि वाढपी वाऱ्याच्या वेगाने! शीर्ष आणि फीत यांच्यामधील वेग ह्या लहानशा यंत्रातही सेकंदाला जवळजवळ पाच मीटरच असतो, म्हणजे 'व्हेरा' यंत्राच्या फितीएवढाच.

कॅमेरा आणि नोंद करणारे यंत्र ही दोन्ही एकाच खोक्यात आली, ती १९८३ साली. सोनी कंपनीचा तो पहिला घरगुती कॅमकॉर्डर चित्रण करी, पण केलेले चित्रण दाखवू शकत नसे! १९८५ मध्ये आठ मिलिमीटर रुंदीची फीत आली, आणि १९९५ मध्ये काडेपेटीपेक्षा थोडी मोठी अशी मिनीडीव्ही पेटी आली. महाराष्ट्रातील लग्नमंडपांतूनही खांद्यावर कॅमेरा घेतलेला एक गृहस्थ आणि त्याच्यामागे प्रखर दिवा धरून धावणारा एक मुलगा, ही जोडी ह्याच काळात ओळखीची झाली.

जुन्या फितींचा मोठा दोष असा, की नक्कल केली की चित्र उतरते. पूर्वी पोथ्या हाताने लिहून घेत. मूळ पोथीवरून एक, तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा नकला होत गेल्या, म्हणजे प्रत्येक लेखनिकाच्या चुका पुढच्या पोथीत साठत जात. फितीचेही तसेच होते. पहिल्या नकलेत रंग थोडे फिके पडतात, दुसरीत कडा धूसर होतात, आणि चौथ्या-पाचव्या नकलेत तर माणसांचे चेहरे ओळखणेही कठीण जाते.

ह्या दोषाची किंमत फार मोठ्या लोकांनाही मोजावी लागली आहे. जुलै १९६९ मध्ये मानवाने चंद्रावर पहिले पाऊल टाकले. चंद्रावरील कॅमेरा सेकंदाला केवळ दहा चित्रे पाठवीत होता. घराघरांतील अमेरिकन दूरदर्शन संचांना सेकंदाला तीस लागत. म्हणून पृथ्वीवरील केंद्रांत आलेले चित्र एका पडद्यावर दाखवून त्या पडद्याचेच दुसऱ्या कॅमेऱ्याने चित्रण करण्यात आले, आणि तेच सर्व जगाने पाहिले. साहजिकच ते मूळच्यापेक्षा अंधूक होते. मूळ संदेश निराळ्या फितींवर नोंदलेले होते. पण पुढे फितींची टंचाई पडली, तेव्हा जुन्या फिती पुसून पुन्हा वापरण्यात आल्या. त्यांत चांद्रवीरांच्या चित्रांच्या मूळ फितीही गेल्या असाव्यात, असे दीर्घ शोधानंतर २००९ साली नासा ह्या संस्थेने जाहीर केले. दूरदर्शन केंद्रांनी जपलेल्या नकलांवरूनच मग ते चित्रण होईल तितके स्वच्छ करून घ्यावे लागले.

अंकांचा उपयोग येथेच कळून येतो. नदीला पूर आला, की घाटाच्या भिंतीवर ओलाव्याची खूण राहते. काही दिवसांनी ती खूण पुसट होते आणि पाणी नक्की कोठवर आले होते, ह्याबद्दल वाद होऊ लागतात. परंतु कुणी त्याच वेळी वहीत 'दुपारी दोन वाजता ७ मीटर' असे लिहून ठेवले असेल, तर वाद राहत नाही. वही मळली, शाई फिकट झाली, तरी ७ हा आकडा ७ असाच वाचला जातो, आणि दुसऱ्या वहीत उतरवतानाही तो ७ च राहतो. जुन्या फितीवरील चित्र म्हणजे भिंतीवरील खूण होय. संगणकातील चित्र म्हणजे वहीतील आकडे.

पण आकडे किती लिहावे लागतात, ते पाहिले म्हणजे छाती दडपते. आपल्याकडील दूरदर्शनचे एक चित्र ७२० उभ्या आणि ५७६ आडव्या रांगांत मोजले जाते; म्हणजे ४,१४,७२० ठिपके झाले. सेकंदाला अशी पंचवीस चित्रे. तेव्हा दर सेकंदास एक कोटीहून अधिक ठिपक्यांची नोंद आली. प्रत्येक ठिपक्यास दोन बाइट जागा दिली, तर एका तासाच्या चित्रणास सुमारे ७५ अब्ज बाइट लागतील. साध्या डीव्हीडी तबकडीवर ४.७ अब्ज बाइट मावतात. ह्या हिशेबाने एका मुंजीच्या चित्रणाला सोळा तबकड्या लागल्या असत्या!

हे गाठोडे लहान करण्याची जी युक्ती आज सर्वत्र वापरली जाते, तिच्या मुळाशी बंगळूर येथे १९४० साली जन्मलेल्या एका गणितज्ञाचे काम आहे. नासिर अहमद हे त्यांचे नाव. अमेरिकेत अध्यापन करीत असताना १९७२ साली त्यांनी एका नव्या गणिती पद्धतीच्या अभ्यासासाठी सरकारी अनुदान मागितले. कल्पना फारच साधी आहे, असे म्हणून परीक्षकांनी ते नाकारले. अहमद ह्यांनी काम सोडले नाही. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि स्नेही के. आर. राव ह्यांच्यासमवेत त्यांनी ते पुरे केले, आणि जानेवारी १९७४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. ह्या पद्धतीत चित्राचे आठ ठिपके रुंद व आठ ठिपके उंच असे लहान लहान चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनात ढोबळ उजेड-अंधार किती आणि बारीक नक्षी किती, हे वेगळे काढतात. आणि डोळ्यांना जिची उणीव भासत नाही, त्या बारीक नक्षीची नोंद काटकसरीने करतात. मिनीडीव्ही कॅमेरे ही पद्धत प्रत्येक चित्राला स्वतंत्रपणे लावतात, म्हणून त्यांच्या एका तासाला सुमारे १३ अब्ज बाइट पुरतात.

डीव्हीडीसाठी ह्याच्याही पुढची काटकसर करावी लागते. व्याख्यान देणाऱ्या वक्त्याचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. त्याचे ओठ आणि हात हलतात. मागचा पडदा तोच, टेबल तेच, तांब्या-भांडेही तेच. दुकानदार आपल्या वहीत तोच तो मजकूर पुन्हा न लिहिता खाली दोन टिंबे देतो, त्याप्रमाणे न बदललेला भाग 'वरीलप्रमाणे' म्हणून सोडून द्यावा आणि बदललेला तेवढा नोंदावा. १९८८ मध्ये लिओनार्दो किआरिलिओने ह्यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या तज्ज्ञांच्या मंडळाने असे नियम ठरविले. त्यांतील एमपेग-२ हा नियम डीव्हीडीने स्वीकारला. ह्या काटकसरीला एक अडचण मात्र चिकटलेली आहे. येथे बहुतेक चित्रे मागच्या-पुढच्या चित्रांवर विसंबून असतात. मधूनच कात्री लावली, की ज्याच्यावर विसंबावयाचे तेच नाहीसे होते. म्हणून जोडकामाच्या वेळी चित्रे स्वतंत्र ठेवावीत आणि सर्व काम झाल्यावर, अगदी शेवटी, एकदाच एमपेग-२ करावे, हा क्रम उत्तम. घाईने आधीच एमपेग-२ करून मग त्याची कापाकापी करणारे आणि पुन्हा तेच रूपांतर करणारे चित्राचा दोनदा चुराडा करतात.

प्रत्यक्ष कामास आरंभ फितीच्या तपासणीने होतो. आतल्या गुंडाळीवर पांढरट भुरा दिसला, तर ती बुरशी होय. कोकणातील पावसाळ्यात बंद कपाटांतून ती हमखास येते. अशी फीत यंत्रात घालणे म्हणजे रोग्याला सर्व बिछान्यांवर लोळविण्यासारखे आहे. बुरशी शीर्षांना लागते आणि तेथून पुढच्या चांगल्या फितींना. ती जाणकाराकडून आधी स्वच्छ करून घ्यावी. फीत चांगली असेल, तर तिच्यावर चुकूनही दुसरे काही नोंदले जाऊ नये, म्हणून पेटीच्या कडेची लहानशी पट्टी मोडावी. मिनीडीव्हीत ती सरकवावी लागते. मग फीत एकदा शेवटपर्यंत पळवून पुन्हा आरंभाला आणावी. वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटून बसलेले पदर त्यामुळे मोकळे होतात.

पुढचा मार्ग फितीच्या जातीवर अवलंबून आहे. व्हीएचएस आणि जुन्या आठ मिलिमीटरच्या फितींचे चित्र पिवळ्या तारेतून आणि आवाज पांढऱ्या व लाल तारांतून बाहेर येतो. ह्या तारा एका रूपांतरक पेटीत जातात. तेथे मोजमाप होऊन अंक तयार होतात आणि ते संगणकात शिरतात. फीत ताणली गेली असेल, तर चित्राचा वरचा भाग वाऱ्यावर हलणाऱ्या पताकेसारखा वाकतो. ओळींची वेळ नीट जुळवून देणारे एक उपकरण मध्ये जोडले, तर हा दोष पुष्कळ कमी होतो. मिनीडीव्हीचे तसे नाही. तिच्या फितीवर मुळातच अंक असतात. फायरवायर नावाच्या तारेतून ते जसेच्या तसे संगणकात वाहून नेले, की झाले. तेथे रूपांतर नाहीच, केवळ वाहतूक आहे. मात्र ही तार जोडण्याचे भोक नव्या संगणकांत सहसा आढळत नाही, त्यामुळे ह्या कामासाठी एखादा जुना संगणक जपून ठेवणारी मंडळी शहाणीच म्हटली पाहिजेत.

दोन्ही मार्गांत घाई चालत नाही. एका तासाची फीत उतरण्यास पुरा एक तास लागतो, कारण ती चालवूनच वाचावी लागते. वीस फिती असतील, तर वीस तास यंत्राजवळ बसावे लागेल.

संगणकात आलेले चित्र प्रथम पाहणाऱ्यास एक गोष्ट खटकते. पळणाऱ्या मुलाच्या कडांना फणीसारखे दाते फुटलेले दिसतात. ते चित्र बिघडलेले नसते. दूरदर्शनची जुनी पद्धत अशी, की एक चित्र दोन अर्ध्यांनी रंगवावे; प्रथम एकाआड एक अशा ओळी, मग त्यांच्यामधल्या उरलेल्या ओळी. सेकंदाला पंचवीस चित्रे म्हणजे पन्नास अर्धी चित्रे. दोन अर्ध्यांमध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग जातो आणि तेवढ्यात मुलगा थोडा पुढे सरकलेला असतो. संगणक दोन्ही अर्धी एकदम दाखवितो, म्हणून हे दाते. संगणकावरच पाहावयाचे असेल, तर ती अर्धी एकमेकांत मिसळून घेणारी आज्ञा देता येते. परंतु दूरदर्शन संचावर लावावयाच्या डीव्हीडीसाठी अर्धी आहेत तशीच ठेवावीत. कोणते अर्धे आधी आणि कोणते मागून, एवढा क्रम मात्र संगणकाला बरोबर सांगावा. तो उलटा पडला, तर प्रत्येक हालचाल पुढे-मागे अशी थरथरत चालते.

ह्यानंतर संकलन, म्हणजे नको ते काढून हवे ते जोडणे. अँपेक्सच्या काळी संकलक फीत खरोखरच कापीत, आणि कोठे कापावे हे सूक्ष्मदर्शकातून पाहून ठरवीत. पुढे दोन यंत्रे समोरासमोर ठेवून एकावरून दुसऱ्यावर निवडक भाग उतरविण्याची रीत आली. पण मध्येच एक विसरलेले दृश्य घालावयाचे झाले, तर तेथून पुढचे सर्व काम पुन्हा करावे लागे. संगणकात मूळ चित्रणाला हातच लागत नाही. 'ह्या क्षणापासून त्या क्षणापर्यंत दाखव, नंतर हे दाखव,' अशा आज्ञांची यादी तेवढी तयार होते. यादी बदलली, की चित्रपट बदलतो. नवख्याच्या हाती ही सोय आली, की तो दर दोन दृश्यांमध्ये पाने उलटण्याचे, गोल गोल फिरण्याचे चमत्कार पेरीत सुटतो. ते न केलेले बरे. कॅमेरा चुकून चालू राहून झालेले जमिनीचे आणि चपलांचे चित्रण काढून टाकावे. परंतु आजी बोलता बोलता थांबली आहे, तो क्षण लांब वाटला तरी कापू नये.

संकलन पुरे झाले, म्हणजे एमपेग-२ रूपांतर आणि मग तबकडी. डीव्हीडी प्रथम जपानमध्ये नोव्हेंबर १९९६ मध्ये विक्रीस आली. बारा सेंटिमीटर व्यासाच्या ह्या तबकडीवर खुणांची एकच नागमोडी नव्हे, तर सर्पिल वाट असते, आणि तिच्या दोन वेढ्यांतील अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असते. घरी लिहावयाच्या तबकडीत एका रंगद्रव्याचा थर असतो. लाल लेसर किरणाने तो जागोजाग भाजला जातो आणि त्या खुणांतून अंक वाचले जातात. सेकंदाला ऐंशी लाख बिट ह्या प्रमाणाने एका तासाचे चित्रण तबकडीवर सुरेख बसते. प्रमाण निम्म्याच्या आसपास आणले, तर दोन तासही बसतात. हौसेने चार तास कोंबले, की धावत्या दृश्यांत चित्राचे चौकोन चौकोन पडू लागतात. आरंभी एक अनुक्रमणिका करून 'हळद', 'मंगलाष्टके', 'पंगत' अशी प्रकरणे पाडता येतात. सरतेशेवटी तबकडी 'बंद' करण्याची आज्ञा द्यावी लागते. ती राहिली, तर लिहिणाऱ्या यंत्राखेरीज दुसऱ्या यंत्रात तबकडी बहुधा चालत नाही.

भाजलेले रंगद्रव्य उन्हाने आणि उष्णतेने फिके पडते. म्हणून तबकडी झाली, तरी संकलनापूर्वीचे संपूर्ण चित्रण निदान दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कवर, शक्य तर दोन निरनिराळ्या घरी ठेवतात. आणि मूळ फीतही कोरड्या जागी, पुस्तकासारखी उभी ठेवतात. पेटीतल्या कागदावर तारीख आणि स्थळ लिहावयाचे असतेच. त्याखाली, प्रत्येक दृश्यात डावीकडून उजवीकडे कोण कोण आहे, ती नावेही लिहितात. हे काम घरातील वडीलधाऱ्या माणसांना पडद्यासमोर बसवून करावे लागते. हिरवे लुगडे नेसून दाराशी उभी असलेली ती बाई कोण, हे फितीवर कोठेच नोंदलेले नसते.